सारोबेत्सुची खचणारी जमीन

जपानमधल्या त्सुकुबाच्या संस्थेत मी मातीवर काम करते. माझी माती म्हणजे पीट. हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या शेवाळाची आणि लव्हाळ्याची काळी, स्पंजासारखी जमीन. तिच्यासाठी मला होक्काइदो बेटाच्या पार उत्तरेला, सारोबेत्सुला जावं लागायचं. पहिल्यांदा निघाले तेव्हा आईने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, तिथे माणसं राहतात ना? राहतात, म्हटलं. दरवर्षी थोडी कमी होतात, हे सांगितलं नाही.

सारोबेत्सु हे नाव तिथल्या मूळच्या ऐनू लोकांनी ठेवलेलं. लव्हाळ्यातली नदी, असा काहीसा अर्थ. पुढे ऐनूंची जमीन गेली, नाव नकाशावर राहिलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर, रशियाकडे गेलेलं साखालिन बेट सोडून आलेल्या जपानी कुटुंबांना सरकारने ही दलदल दिली. त्यांनी चर खणून पाणी काढलं, गवत लावलं, गाई पाळल्या. पण पाणी गेलं की पीट आक्रसतं. जमीन वर्षावर्षाने खाली बसत गेली. मी ज्यांच्याकडे उतरायचे त्यांचं घर खोल खांबांवर होतं, म्हणून ते जागच्या जागी आणि अंगण मात्र खाली. दाराला खालून नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या होत्या.

घरात दोघंच. आजोबा आईच्या पाठीवर बांधलेले असताना साखालिनहून आलेले. आजी शेजारच्या गावच्या. मुलगी साप्पोरो शहरात. मी त्यांना आजी-आजोबा म्हणायचे, कारण तिथे सगळेच म्हणायचे.

त्या फेब्रुवारीत मी बर्फाखालच्या मातीतून येणारा वायू मोजायला गेले होते. दुपारी वारा सुटला, पडलेला बर्फ उडू लागला. आजोबा धारा काढायला गोठ्यात गेले. गोठा अंगणापलीकडेच. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, झालंय, निघतो. आजींनी सूप गॅसवर ठेवलं. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. काचेला कुणी पांढरा कागद चिकटवल्यासारखं.

ते आले नाहीत. फोनही लागेना. मी जॅकेट चढवलं, तर आजी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"तू गेलीस तर मला दोघांना शोधावं लागेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी अग्निशमन दलाला कळवलं. मग दार किलकिलं करून आम्ही आळीपाळीने पातेलं बडवत राहिलो, आवाजाच्या रोखाने तरी येतील म्हणून. माझे हात बधिर झाले की त्या घ्यायच्या. त्यांनी एकदाही हाक मारली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

अंधार पडायच्या सुमारास वारा ओसरला आणि बर्फ सारणाऱ्या गाडीमागून माणसं आली. आजोबा घराच्या भिंतीला जवळजवळ घासून पुढे गेले होते. मागच्या चरात सापडले, गोठलेले. तो चर त्यांच्या वडिलांनी खणलेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजी गोठ्यात गेल्या. गाईंच्या कासा भरल्या होत्या. मी मागोमाग गेले, त्या सांगतील ते धरत, उचलत राहिले. एका गाईजवळ त्या बराच वेळ कपाळ टेकून उभ्या होत्या.

उन्हाळ्याआधी गाई विकल्या गेल्या. मुलगी आजींना घेऊन गेली. जमिनीची पुन्हा दलदल करायची असं ठरलं. चर बुजवले, पाणी चढू लागलं. संस्थेत सगळ्यांना आनंद झाला. पाण्याखाली पीट कुजायचं मंदावतं, हवेत जाणारा कार्बन घटतो; माझे आकडे हवे तसेच येत होते. मी ते मीटिंगमध्ये दाखवले आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.

पानगळीच्या दिवसांत आजींचा फोन आला. पाणी आलं का, विचारलं. मी हो म्हटलं.

"कुठपर्यंत?"

"गोठ्याच्या दारापर्यंत."



"माझ्या सासूचा सगळा जन्म ते पाणी बाहेर काढण्यात गेला," त्या म्हणाल्या. मग त्सुकुबात थंडी पडली का, विचारलं. साप्पोरोच्या फ्लॅटमध्ये फार उकडतं, झोप लागत नाही, म्हणाल्या.