वरोऱ्यात आता कोणी बसवून घेत नाही

मंडळी, आज फार थकले.

आमच्याकडे नवी भाडेकरू आली आहे, नागपूरची पोरगी. म्हणाली, "आजी, मले वरोरा दाखवा नं."

पन्नासच्या दशकात मीही नागपूरहूनच इथे सून म्हणून आले. नणंद गाव दाखवायला निघाली, तर एकाच गल्लीत दिवस मावळला. दारोदारी हाक, "सूनबाई, चहा पेल्याबिगर कुठी चालल्या?" नाही म्हणायची सोय नव्हती. पोट डब्ब, कपाळावर कुंकवाचे थर. तेव्हा वैतागले होते.

आज त्याच गल्लीतून आम्ही सरळ पार झालो. एकाही दारातून हाक आली नाही.

घरी येऊन तिला म्हटलं, "बस, चहा टाकते."

"आज नको आजी, काम आहे."

तोवर दोघींचा टाकून झाला होता. जवळपास कोणी आहे का?