लाल पेटीतलं कुलूप

मंगलताई साठ वर्षांच्या झाल्या म्हणून हे पुस्तक निघतंय आणि त्यात माझंही एक पान आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, त्यांच्या ऑफिसातली मुलगी लिहून घेते. काय लिहिते देव जाणे.

ताई चिंचवडला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या दाराची कडी हलवून म्हणाल्या, "आजी, ही बाहेरून उघडते."

मी म्हटलं, "बाई, तुमी चोर हाय का सुतार?"

त्या दोन्ही नव्हत्या. आधी चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या. नापास भाग लाल पेटीत. हाताखालच्या पोरी जाग्या आहेत का बघायला मालात मुद्दाम एक खराब भाग सोडायच्या. पुढे कॉम्प्युटर शिकून वाकडच्या कंपनीत लागल्या. फोनमधल्या ॲपात शिरताना आपण आकडे टाकतो ना, ते दार त्या तपासतात. रिकामं सोडलं तर? तीनदा चुकलं तर? एकेकाची वेगळी चाचणी लिहितात, मग दार स्वतःच मोडून बघतात, चाचणी ओरडते का. ओरडली की लाल, नाहीतर हिरवी. "आधी लाल दिसली पाहिजे आजी, मगच हिरव्यावर विश्वास."

दोन वर्षांपूर्वी आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आजारी होते. दवाखान्यात नंबर फोनवरून, त्यांच्या ॲपात लावायचा. सून शिफ्टला गेलेली. मी चार आकडे दाबले, चुकले. परत दाबले. परत. मग पडद्यावर एक ओळ आली. मला वाटलं, लागला नंबर. मालकांना धुतलेला सदरा घातला आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो, आता बोलावतील. संध्याकाळी सुनेने ती ओळ वाचली. दार बंद झालं होतं.

महिन्याने मालक गेले. त्यामुळे गेले, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणत होते, मनात.

ताई भेटायला आल्या, तेव्हा त्यांना एकट्यांना सांगितलं. त्यांनी फोन पाहिला, चहा तसाच ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"आजी, दवाखान्याच्या ॲपचं हे दार आमच्याच कंपनीचं. चाचणी माझी. ओळ दिसते का, एवढंच तपासलं मी. वाचता आली नाही तर काय, ते तपासलंच नाही. हिरवी होती."

"म्हंजी माझं चुकलं न्हाई?"

"नाही. माझं चुकलं."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मालकांनीसुद्धा नाही, बिचारे.

मग आठवडाभर ताईंनी मला समोर बसवून चुकायला लावलं. "अजून चुका, आजी." म्हटलं, "ह्यात मी लई हुशार हाय." आता ते दार बोलतं: बंद झालंय, मोठं बटण दाबा, माणूस बोलेल. मला ते ऐकवताना ताईंनी मान वर केली नाही. मीही मालकांच्या फोटोकडे बघितलं नाही.

लिहिणारी विचारते, गौरवाच्या पुस्तकात चूक कशाला? ताईंनाच विचारून आले. म्हणाल्या, "लिहा." म्हणून तर गौरव, बाई.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत. आणि कधी दवाखान्यात तुमचाच नंबर लावायची वेळ आली, तर तुमच्या माणसाला धुतला सदरा घालून उगाच बसून राहावं लागू नये.