उतरलेलं वजन

चुरी सर जीपमध्ये चढण्याआधी स्वतःच ओरडायचे, “सरका रे, ट्रक आला!” आत बसलेले हसायचे. ड्रायव्हर म्हणायचा, “सर, मधी बसा. कडेला बसलं तं गाडी एका अंगाला नमते.” त्यावर सर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचे. २०१४ साली मी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी डहाणू स्टेशनबाहेर ते मला असे भेटले. स्वतःच्या शरीराबद्दल इतका निवांत माणूस मी पाहिला नव्हता, असं तेव्हा वाटलं होतं.

ते मसोलीला राहायचे आणि शाळेत विज्ञान शिकवायचे. घरी ते आणि नलिनीवहिनी, दोघंच. थंडीत त्यांच्या अंगणात मडक्यात भाज्या उकडायची उकडहंडी लागली की मला बोलावणं ठरलेलं. मी पान अर्धं ठेवलं की म्हणायचे, “मास्तर, जो जेवण अर्ध्यात टाकतो तो मैत्रीही अर्ध्यात टाकतो. खा गुमान.” रोजच्या जाण्यायेण्यात मी त्यांना काय नाही सांगितलं? घरातली भांडणं, भावाशी धरलेला अबोला, नोकरीची भीती. ते ऐकून घ्यायचे. स्वतःचं काही सांगत नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्गात ते पुस्तकात नसलेलंही शिकवायचे. एकदा मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. सर स्वतःच्या पोटावर थाप मारत सांगत होते, “ही चरबी नुसती गोणीत भरलेली नसते, पोरांनो. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. तो आपला निरोप्या. मेंदूकडे जाऊन सांगतो, साठा भरला, आता जेवण थांबवा. माझा निरोप्या रोज जातो, दार ठोठावतो. पण आत मेंदू बहिरा!” पोरं बाकं बडवून हसली.

मग शाळेत तपासणी झाली. सरांची साखर काठावर निघाली. मी त्यांच्या मागे लागलो. नुसता लागलो नाही, शिक्षकांची वजन उतरवण्याची स्पर्धाच लावली. दर शनिवारी सगळ्यांनी कोठीत जायचं आणि तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर उभं राहायचं. साध्या काट्यावर सर मावत नव्हते. खिडकीशी पोरांची गर्दी व्हायची. सर काट्यावर चढताना म्हणायचे, “लिहा, दोन कट्टे तांदूळ आणि वर थोडी डाळ!” कितीतरी शनिवार काटा हलला नाही. आणि मग तो उतरू लागला. उतरतच गेला.

त्याच सुमारास त्यांच्या डब्यातला भात गेला आणि उकडलेला सुरण आला. रोज सुरण. मी विचारलं, तर म्हणाले, “वहिनीला विचार. आता हेच.” मी सगळ्यांना सांगत सुटलो, सरांनी भात सोडला, निश्चय असावा तर असा. आमच्या भागात माणूस रोज सुरण कशासाठी खातो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मूळव्याध झाली की घरोघरी सुरणच शिजतो. माझ्या वडिलांनीही खाल्ला होता. पण माझ्या डोळ्यांवर माझ्या स्पर्धेची झापड होती.

स्नेहसंमेलनात आम्ही सरांचा सत्कार केला. शाल मीच पांघरवली, भाषणही मीच केलं. पहिल्या रांगेतल्या वहिनी कौतुकानं बघत होत्या. सर सैल झालेला शर्ट पँटीत खोचत उठले. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. म्हणाले, “हे सगळं मास्तरांमुळे.” टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, पण आतून फुगलो होतो.

पुढच्याच महिन्यात वर्गात शिकवता शिकवता ते कोसळले. आम्ही त्यांना कासाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. तिथून वापीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासण्यांनंतर तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना आणि मला आत घेतलं, सरांच्या खाटेशीच. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला.

“शौचातून रक्त कधीपासून जातं?” डॉक्टरांनी विचारलं.

सर भिंतीकडे बघत म्हणाले, “झालं की वर्ष. मूळव्याध समजत होतो.”

वहिनींनी त्यांचा दंड धरला. “वर्ष? आणि मला सुरण शिजवायला लावलात ते वजनासाठी म्हणून?”

सरांनी उलट डॉक्टरांनाच विचारलं, “याचा माझ्या चरबीशी संबंध काय?” डॉक्टर गुजराती वळणाच्या मराठीत समजावत राहिले. बारीक माणसालाही हा रोग होतो, आणि जाड माणसाला होतोच असं नाही. पण चरबी खूप असली की अंगात इन्सुलिन चढं राहतं, लेप्टिनही चढं राहतं, आणि आतड्याच्या पेशींना ही संप्रेरकं वाढा, वाढा म्हणून सांगत राहतात. धोका त्यानं वाढतो. “अने वजन असं आपोआप उतरतं ना साहेब, ते चांगलं नाय. ते तर पहिल्यांदा तपासायचं.”

डॉक्टर गेल्यावर सर म्हणाले, “म्हणजे निरोप्या एकाच दारात जात नव्हता. मी पोरांना हसत शिकवत होतो, आणि तो मागच्या दारानं दुसऱ्याच घरात जाऊन बसला. घरचाच फितूर निघाला, मास्तर.”

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. संताप आला. “फितूर कोण, सर? मी रोज शेजारी बसत होतो. मला शाल घालू दिलीत! तोंडातून एक शब्द नाही?”

“सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस ना सगळं.”

“काय थांबवलं असतं?”

त्यांनी पांघरूण पोटावर ओढून घेतलं. मग म्हणाले, “ट्रक आला, म्हणून मीच का ओरडायचो? दुसऱ्यानं ओरडायच्या आत. शाळेत होतो तेव्हापासून. या वर्षी पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून हसले नाहीत. छान दिसताय, म्हणाले. पँट सैल झाली की मला बरं वाटायचं रे. रक्त दिसायचं, भीती वाटायची, आणि शनिवारी काटा उतरला की सगळं विसरायचो. आणखी थोडे दिवस, म्हणता म्हणता...”



मी बाहेर निघून आलो. त्यानंतर मसोली माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ असूनही कितीतरी दिवस मी गेलो नाही. माझ्याशी दगा झाला, असं घोकत राहिलो. स्पर्धा मीच लावली होती, हे त्या घोकण्यात सोयीनं मागे पडायचं. शेवटी वहिनींनी बोलावून घेतलं. सर अंथरुणाला खिळले होते. मला बघून म्हणाले, “राग गेला नसेल तर असू दे. पण ये.” मग मी रोज गेलो. राग मात्र गेला नाही, आणि तो घेऊनच मी त्यांचे पाय चेपत बसायचो. २०१७च्या पावसाळ्यानंतर ते गेले. आजही त्यांची आठवण आली की आधी राग येतो, मग रडू येतं. हा क्रम बदलत नाही.

परवा वाणगावला एका लग्नात आमच्या जुन्या मुख्याध्यापिका भेटल्या. चांगल्याच रोडावल्या होत्या. बायका त्यांना घेरून विचारत होत्या, काय करता हो, आम्हालाही सांगा. त्या लाजत हसत होत्या. मी त्यांना मांडवाच्या कडेला बोलावलं.

“बाई, काही न करता उतरलं का हे वजन?”

“हो, आपोआपच. का?”

“शौचातून रक्त जातं का?”

त्यांचा चेहरा लाल झाला. “लग्नाच्या मांडवात बाईमाणसाला हे विचारता? लाज नाही वाटत तुम्हाला?”

“वाटते,” मी म्हणालो. “पण सांगा.”