खंडेनवमीला घासलेली टाकी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पर्यावरण वर्षातून एकदा येतं, पाच जूनला, सकाळी अकरा ते साडेबारा. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात नवं रोप लागतं, साहेब लोक झारीला हात लावून फोटो काढून घेतात, वडापाव होतो आणि पर्यावरण संपतं. विजयश्री मॅडमनी असे अकरा पाच जून काढले. अकराव्याला त्या आमच्या मालकांना म्हणाल्या, निदान खड्डा तरी नवा घ्या, या जुन्यात मागच्या रोपाची मुळं अजून आहेत. मालकांना तो विनोद वाटला.

मॅडम मूळच्या औशाच्या, जिवाणूंच्या विषयात एम.एस्सी. लग्न होऊन निगडीला आल्या आणि कारखान्यांना पर्यावरणाचा सल्ला देऊ लागल्या. म्हणजे स्कूटरवरून मोशीच्या चौकात धूर खात चाकणला यायचं आणि मालक लोकांना सांगायचं की घाण पाणी ओढ्यात सोडू नका. मालक चहा पाजतात, मान डोलावतात आणि फाइल मागतात. फाइल व्यवस्थित असली की ओढा आपोआप स्वच्छ होतो, अशी इकडे श्रद्धा आहे. मीही त्याच पंथाचा. आमच्या कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो.

आमचे मालक सोपानराव इथल्याच गावचे. स्वतःच्या रानात शेड टाकली आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवू लागले. तीनशे माणसांचं कँटीनचं आणि संडासांचं पाणी मागच्या ओढ्यात जायचं. ओढ्याच्या काठाला विहीर, आणि ती सोपानरावांच्या आईची, शालनबाईंची. म्हातारी अजून तिथं मेथी लावते, दोन म्हशी पाळते. दोन वर्षांपासून विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला. म्हशी बादलीवरून तोंड फिरवायच्या. म्हशींचे नखरे वाढलेत, असं सोपानरावांचं निदान होतं.

मग आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं कळवलं की सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय ऑर्डर नाही. सोपानरावांचा पर्यावरणप्रेमी स्वभाव त्याच आठवड्यात उफाळून आला. जूनमध्ये टाकी बांधून झाली.

अकरा वर्षांत मॅडमना पहिल्यांदा कागदाऐवजी खरीखुरी टाकी मिळाली होती. त्यांनी शालनबाईंच्या गोठ्यातलं शेण आणवलं, गूळ आणवला, आणि टाकी सांभाळायला दिलेल्या ज्योतीरामला समजावलं की या पाण्यात जिवाणू वाढवायचेत, तेच घाण खातात. ज्योतीराम परभणीकडचा, कमी बोलणारा. तो रोज हवेचा पंप बघायचा, पाणी बाटलीत धरून गाळ किती खाली बसतो ते पाहायचा आणि मॅडमना फोटो पाठवायचा. आम्ही त्याला विचारायचो, काय, लेकरं जेवली का? तो हसायचा. सप्टेंबरात टाकी चांगली तपकिरी झाली, बाहेर पडणारं पाणी नितळ यायला लागलं आणि म्हशी विहिरीचं पाणी पिऊ लागल्या. मॅडम त्या दिवशी निव्वळ म्हशी बघायला आल्या होत्या. इतका आनंद मी पगारवाढ झालेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक मशीन घासून, तेलपाणी करून, हार घालून पुजतात. आपलं मशीन कळकट राहिलं तर त्या कामगाराची मान खाली जाते. प्रेसवाल्यांनी प्रेस चमकवले, फोर्कलिफ्टलाही हार पडला. ज्योतीरामचं मशीन म्हणजे टाकी. त्यातून मंगळवारी मोठ्या कंपनीची तपासणी. त्यानं चौघांना हाताशी धरलं, सगळा गाळ ओढ्यात उपसला, भिंती ब्लीचिंग पावडरनं घासल्या आणि बोअरचं पाणी भरलं. ब्लीचिंगची दोन पोती मीच मागवली होती, आणि वर म्हणालो होतो की शाब्बास, याला म्हणतात आपलेपणा.

मंगळवारी तपासणीला सुजित नावाचा तरुण साहेब आला. टाकीचा तळ दिसत होता. कडेला स्वस्तिक, झेंडूचा हार. साहेब खूश झाला, म्हणाला, एवढी स्वच्छ टाकी मी अख्ख्या पट्ट्यात पाहिली नाही. मॅडम काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ही मेली आहे,” त्या म्हणाल्या. “दीड महिना ही काहीही शुद्ध करणार नाही. पाणी जसं येईल तसं ओढ्यात जाईल.”

सुजितनं यादी वरखाली पाहिली. टाकी स्वच्छ आहे का, असा रकाना होता. टाकी जिवंत आहे का, असा नव्हता. त्यानं पूर्ण गुण दिले.

साहेब गेल्यावर ज्योतीरामनं विचारलं, “मंजे म्याच मारलं का मॅडम?”

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, “मी चौदा पानं लिहून दिली तुम्हाला. घासायचं नाही, एवढंच लिहायचं राहिलं. चूक माझी.” दोन पोत्यांचा धनी मी, त्या वेळी बुटांकडे बघत होतो.

मग त्या सोपानरावांकडे गेल्या. टाकी परत जिवंत होईपर्यंत पाणी ओढ्यात सोडू नका, टँकरनं उचलून शुद्धीकरण केंद्रावर पाठवा, नाहीतर विहीर पुन्हा नासेल. सोपानरावांना कळेना की पूर्ण गुण मिळाल्यावर आता कसली शुद्धी. पण आईचा प्रश्न होता, आणि ते काही दगड नव्हते. त्यांनी उदार मनानं तोडगा काढला: पाणी ओढ्यातच जाऊ द्या, आईला रोज गोड्या पाण्याचा टँकर लावून देतो.

पहिला टँकर दुसऱ्या दिवशी गेला आणि अर्ध्या तासात भरलेलाच परत आला. ड्रायव्हरशेजारी शालनबाई बसल्या होत्या. कारखाना उभा राहिल्यापासून त्या पहिल्यांदाच गेटाच्या आत आल्या. मुलाच्या केबिनपर्यंतही गेल्या नाहीत, त्यालाच खाली बोलावलं. सगळी शिफ्ट बघत होती.

“मला माज्या हिरीचं पानी पायजे,” त्या म्हणाल्या. “ह्यो टँकर तू पी.”

ओढ्याकडचा व्हॉल्व्ह सोपानरावांनी स्वतः बंद केला. पुढचा दीड महिना सांडपाणी टँकरनं जात राहिलं आणि ते रोज कुरकुरत राहिले. शालनबाईंनी पुन्हा शेण दिलं. दिवाळीच्या सुट्टीतही ज्योतीराम गावी न जाता टाकीशी बसला होता, आणि पाणी तपकिरी व्हायला लागलं तेव्हा त्यानं मॅडमना फोन करून नुसतं एवढंच सांगितलं की ओल्या मातीचा वास यायलाय. मॅडम रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून रडल्या. हे त्यांनीच मला सांगितलं.

जानेवारीत सुजित साहेब परत तपासणीला आला. विहीर चांगली होती, म्हशी पाणी पीत होत्या, पण ते त्याच्या यादीत नव्हतं. अहवालात त्यानं लिहिलं: टाकी अत्यंत अस्वच्छ, पाणी तपकिरी, दोन गुण वजा.

मॅडमना अकरा वर्षांत प्रमाणपत्रं ढिगानं मिळाली असतील. निगडीच्या त्यांच्या घरात भिंतीवर फ्रेम करून एकच कागद लावलाय, आणि तो हा.