सात नंबरच्या पाळण्यातलं पोतं

अकरा वर्षांपूर्वी याच पुरवणीत मी एक खोटं वाक्य लिहिलं होतं. 'चक्रीबागेतल्या सात नंबरच्या पाळण्यात आजवर कुणीही बसलेलं नाही. दिवस कलला की तो रिकामा पाळणा आपोआप जड होतो, असं म्हणतात.' शेवटचे दोन शब्द मी स्वतःला वाचवायला घातले होते. तसं कुणीच म्हणत नव्हतं. आणि त्या पाळण्यात कुणी बसलंच नाही म्हणावं, तर मी स्वतः बसलेलो होतो.

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत डबा उघडत होतो, तेव्हा फोन आला. माझा एक जुना विद्यार्थी आता त्या बागेच्या तिकीट खिडकीवर बसतो, त्याचा. म्हणाला, "सर, ते भुताच्या चक्रीवाले काकाजी होते ना... गेले सकाळी." मी विचारलं, "कोण, फागूभाऊ?" तो थोडा अडखळला. त्याला नाव लवकर आठवलं नाही. मी डबा पुन्हा बंद केला. शेजारच्या मॅडमनी विचारलं, जवळचे होते का... तर मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

गोंदियाच्या बाहेर, कामठ्याच्या रस्त्याला ही बाग आहे. पाटीवर तिचं नाव भलं मोठं आहे, पण तिथल्या आकाशपाळण्याला लोक चक्री म्हणायचे आणि बागेला चक्रीबाग. माझ्या जन्माआधीपासून ती चालू आहे. आता मोठ्या शहरांत जी पार्कं झाली त्यांच्यापुढे ती काहीच नाही. एक चक्री, एक लेकरांची रेल्वे, वेडेवाकडे दाखवणारे चार आरसे, सिमेंटचा हत्ती, आणि बोअरला पाणी असलं तर कारंजं. तरी आमच्या जिल्ह्यातल्या तीन पिढ्यांनी पहिल्यांदा उंचावरून जमीन पाहिली ती तिथेच.

आम्ही चिचगडचे. चौथीत असताना शाळेची सहल बसने इथे आली. चक्रीच्या दहांपैकी नऊ पाळण्यांत दोन-दोन पोरं बसवत होते आणि जोड्या लावता लावता मी एकटाच उरलो. मास्तर म्हणाले, तू खालीच थांब. मी तोंड फिरवून उभा राहिलो. चक्रीवर तेव्हा फागूभाऊच होते, तिशीतले, खांद्यावर दुपट्टा, हाताला ग्रीस. त्यांनी मला विचारलं, "काऊन रे, तू कायले उभा?" मी सांगितलं की जोडीदार नाही. त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. बाजारात बकरीचं पिल्लू उचलून पाहतात तसं. मग म्हणाले, "अंदाजे पाऊण पोतं आहेस तू."

सात नंबरच्या पाळण्यात रेतीचं एक पोतं ठेवलेलं होतं. ते त्यांनी उतरवलं, तोंड सोडून बरीचशी रेती बाजूच्या घमेल्यात काढली, उरलेलं पोतं पुन्हा आत ठेवलं आणि त्याच्या शेजारी मला बसवलं. "हा तुया जोडीदार. तेले हालू नोको देऊ." मी दोन्ही हातांनी पोत्याला मिठी मारली. चक्री वर गेली तेव्हा खालून सगळी पोरं ओरडत होती आणि मी पोत्याच्या सुतळीकडे पाहत होतो. दूरवरचं तळं, धानाचे बांध, रुळांवरची मालगाडी, हे सगळं मी पाहिलं म्हणून नंतर गावभर सांगितलं. खरं तर मी फक्त ती सुतळी पाहिली होती.

पुढे शिक्षक झालो, बदली होऊन गोंदियात आलो, रविवारी कधीतरी बागेत जायला लागलो. फागूभाऊंना मी आठवत नव्हतो. म्हणाले, असे पुष्कळ पोट्टे उचलले. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला गुरुजी. त्यांच्याकडे बागेविषयी इतकी माहिती होती की ऐकत बसावं. लेकरांच्या रेल्वेची शिट्टी जुन्या छोट्या लाइनीच्या इंजिनावरून आलेली. इंजिनाचं पोट म्हणजे राइस मिलमधलं टाकून दिलेला ड्रम. रेल्वेची स्टेशनं दोन, पण पेंटरने दोन्हींवर एकच नाव रंगवलं, म्हणून ही गाडी निघते तिथेच पोचते. तिसरा आरसा उलटा बसला आणि लोकांना तोच जास्त आवडला, म्हणून तसाच राहिला. हत्तीचा डावा दात आखूड, कारण गवंड्याचं सिमेंट संपलं होतं. हे सगळं ते तोंडावरची रेष न हलवता सांगायचे. यातलं खरं किती, हे तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही. आता वाटतं, आणि विचारायला ते नाहीत.

पुरवणीवाल्यांनी माझ्याकडून 'चक्रीबागेच्या गमतीजमती' असा लेख मागितला, तेव्हा एक अख्खी दुपार मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसलो. शेवटी त्यांनी सात नंबरचं सांगितलं, आणि तेवढं सांगताना ते उठून उभे राहिले. चक्रीचा त्या बाजूचा दांडा फार पूर्वी एकदा बदलला, नवा आला तो हलका आला. म्हणून तिथे रेतीचं पोतं. पण रेती पावसाळ्यात पाणी धरते, वजन वाढतं, मग रोज सकाळी चक्री रिकामी फिरवायची, कानाने ऐकायची, आणि एक-दोन मुठी रेती काढायची. उन्हाळ्यात तेवढी परत घालायची. किती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या हाताला कळायचं. माणसं बसवतानाही तेच. "जाडे शेठ या बाजूनं, तं त्या बाजूनं बाई आन् दोन लेकरं. कोणाले समजत नाही का आपल्याले तोलून रायला मी." आणि मग वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लिवा. हे कोणाले मालूम नाही."

मी ते वहीत लिहिलं. वही अजून आहे. लेखात नाही लिहिलं. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा बाकीच्या गमती छान उतरल्या, आणि हे पोत्याचं वाचताना मला वाटलं, रेतीच्या पोत्यात कुणाला काय गंमत? शेवट जरा चटकदार हवा. एवढंच होतं मनात. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. कारण मोठं असतं तर मला ते समजलं तरी असतं...

लेख लोकांना आवडला. पुढच्याच रविवारी बागेत गर्दी झाली आणि सगळी सात नंबरकडे बोटं दाखवत होती. मालकांचा मुलगा तेव्हा नुकताच कारभार पाहायला लागला होता. त्याने सात नंबर काळा रंगवून घेतला, त्यावर कवटी काढली, आणि 'भुताचा पाळणा' म्हणून लोकांना आत बसवायचं ठरवलं. म्हणजे पोतं काढायला लागणार. फागूभाऊ म्हणाले, पोतं काढून मी चक्री चालवणार नाही. ती हिसके खाते, लेकरं असतात. मुलाने त्यांना समजावलं, "चाचा, पब्लिक को मज़ा चाहिए, रेती का बोरा नहीं." त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांना चक्रीवरून काढून फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. जाताना ते पोतं खांद्यावर घेऊन घरी गेले, असं मला बागेच्या माळ्याने सांगितलं. माळी हसत हसत सांगत होता. मीही हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो. काही महिन्यांनी सात नंबरच्या मागे लोखंडाची एक जाड पट्टी वेल्डिंग करून लावलेली दिसली. म्हणजे वजन तिथे लागतच होतं. ते त्यांना कुणी जाऊन सांगितलं की नाही, माहीत नाही. मी नाही सांगितलं.

त्यानंतर दीडेक वर्ष मी बागेत गेलो नाही. मग माझी मुलगी सात वर्षांची झाली आणि हट्टच धरून बसली. फाटकावर फागूभाऊ स्टुलावर बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. तिकीट फाडलं आणि मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "बाई, तुले मालूम आहे का? सात नंबरच्या पाळण्यात आजवर कोणीच बसला नाही. दिवस कलला का तो आपोआप जड होते... असं म्हणतात." माझंच वाक्य होतं ते. शेवटच्या 'असं म्हणतात'सकट. मुलीने माझा हात घट्ट धरला. मी फागूभाऊंकडे पाहिलं, तेही माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मला टोचायला म्हणाले असतील का? की मालकाने येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायची ताकीद दिली होती? की इतक्या वेळा सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं? की 'गुरुजी, जाऊ द्या' असं ते त्यांच्या पद्धतीने सांगत होते? नऊ वर्षं मी हे चारही अर्थ आलटून पालटून धरून पाहिले आहेत. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. मी म्हणालो, "बरं आहे ना काकाजी?" ते म्हणाले, "बेस आहे." आणि आम्ही आत गेलो.

मातीला मी गेलो नाही. तेरवीलाही नाही. शाळेचं कारण काढलं. तेरवी होऊन आठवडा झाल्यावर एका दुपारी कामठ्याला त्यांच्या घरी गेलो. धान पोटरीवर आलं होतं आणि बारीक पाऊस लागून होता. त्यांच्या पत्नी रेवंताबाई पडवीत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "पेपरवाले गुरुजी ना तुम्ही?" आणि आत जाऊन एक फ्रेम घेऊन आल्या. काचेमागे माझा लेख होता. कडा पिवळ्या पडलेल्या, मधोमध फागूभाऊंचा चक्रीजवळचा लहानसा फोटो. म्हणाल्या, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे, नाव कुठे छापलं आहे ते बोटाने दाखवायचे.

मला काहीच कळेना. ज्या लेखाने त्यांची चक्री गेली तो त्यांनी काच लावून भिंतीवर ठेवला होता. मी घरून जे बोलायचं ठरवून आलो होतो ते आता कुठून सुरू करावं... मी एवढंच विचारलं, "काकू, ते कधी माझ्यावर रागावले नाहीत का?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "राग कायचा? पेपरात नाव आलं ना बाप्पा. एकदाच बोलले. म्हणे, भुताचं लिवलं तं लिवलं, माह्या पोत्याचं काऊन नाही लिवलं गुरुजीनं?"

काकूंनी पदराने फ्रेमची काच पुसली आणि ती मांडीवर उभी धरून बसल्या. पाऊस वाढला, वारा आला, तरी पडवीचं टिनाचं दार हललं नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं. दाराला टेकून एक पोतं उभं होतं. त्याचं बारदान दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं होतं, तोंड सुतळीने बांधलेलं. मी काही विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, तेच ते. दार वाजू नये म्हणून ठेवलं. पण घरी आणल्यावरही त्यांची सवय गेली नाही. पावसाचे दिवस आले की रोज सकाळी पोत्याला हात लावून पाहायचे, मूठ-दोन मूठ रेती काढून तुळशीपाशी ठेवायचे, आणि उन्हाळा लागला की मोजून आत घालायचे. काकू म्हणायच्या, "आता कोणती चक्री फिरून रायली तुमची?" तर ते सुतळीची गाठ आवळायचे.

"ते गेल्यापासून कोणी काढली नाही," काकू म्हणाल्या. "गच्च झालं असन."

मी उठलो आणि पोत्यापुढे बसलो. सुतळी सोडायला वेळ लागला. गाठ त्यांची होती. आत हात घातला तर रेती गार होती, जड होती, बोटांना चिकटत होती. किती काढायची ते मला माहीत नव्हतं. एक मूठ काढली. पोत्याला दोन्ही हात लावून हलवून पाहिलं, काही समजलं नाही. दुसरी काढली. मागून काकू म्हणाल्या, "आणखी एक काढा. दोनानं होत नाही ह्या दिवसात."

तिसरी मूठ मी बाहेर काढली आणि ती तशीच हातात ठेवून, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पोत्याकडे पाहत म्हणालो, "काकाजी, सात नंबरमध्ये मी बसलो होतो. तिथे भूत नव्हतं, तुमचं पोतं होतं. मला माहीत असून मी लिहिलं नाही. माझी चूक झाली, मला माफ करा."