शेजारची पेटी

रावजी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्याच घालाल. मूळचा खेड तालुक्यातला. बहरीनला बुदय्या गावाकडे एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, खजुराच्या बागेत आठ वर्षं राबत होता. खोलीतला सोबती उस्मान, गावाकडे नदीपलीकडचाच. दोघं एका ताटात जेवायचे.

१९७९च्या मार्चात अरबाबाने इजिप्तहून विमानाने मधमाश्या मागवल्या. जाळीचे दोन खोके, प्रत्येकात किलोभर माश्या आणि एका डबीत कोंडलेली राणी. दोघांना एकेक पेटी नेमून देऊन अरबाब म्हणाला, "दोन माणसं मला नकोत. ज्याची पेटी भरेल, त्याचा व्हिसा वाढेल. दुसरा खलास."

पांढऱ्या रंगाच्या दोन पेट्या शेजारीशेजारी मांडल्या. दोघांनी सगळं सारखंच केलं. राणीची डबी चौकटींमध्ये अडकवली, वरून माश्या झटकल्या, साखरेचं पाणी ठेवलं. तेवढ्यात शमाल, म्हणजे उत्तरेचा वाळूचा वारा, सुटला. उस्मानच्या माश्या हवेत भिरभिरल्या आणि वाऱ्यासरशी रावजीच्या पेटीवर उतरल्या, निम्म्याहून जास्त. उस्मान डोळ्यांत गेलेली वाळू चोळत होता. रावजीने मात्र पाहिलं.

उपायही त्याला ठाऊक होता. गावी त्याच्या मामाकडे पेट्या होत्या. अशा वेळी मामा पेट्यांच्या जागा बदलायचा. बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात, आणि तिथे आता दुबळी पेटी असते, की ती भरते. पाच मिनिटांचं काम! पण रावजीला गावी रखमा आणि तीन मुली दिसल्या. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. उद्या बदलू, असं मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.

जूनमध्ये उस्मानच्या पेटीत मूठभर माश्या उरल्या. तो बिचारा रोज तिच्यापुढे उकिडवा बसायचा. स्वतःच्या डोक्यावरचा ओला टॉवेल काढून पेटीवर घालायचा आणि आपण उन्हात भाजत राहायचा.

"रावजी, माजा काय चुकला रं?"

"साखर कमी पडली आसंल," रावजी खाली बघत म्हणाला.

"हां. माजाच हात वाईट."

तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

उस्मान निघाला, तेव्हा रावजीने त्याच्याजवळ रखमासाठी मधाची बाटली दिली. का दिली, कोण जाणे. लाज वाटत होती आणि काहीतरी दिल्यावाचून राहवत नव्हतं, एवढंच.

दोन महिन्यांनी रखमाने लिहवून घेतलेलं पत्र आलं.

"उस्मानभावजी स्वतः चालत येऊन बाटली देऊन गेले. हल्ली दाभोळच्या बंदरावर ओझी उचलतात, फार वाळलेत. म्हणाले, वहिनी, तुमच्या रावजीच्या हाताला यश आहे. पोरींना मध आवडला. आणखी पाठवा."