काठोकाठ भरलेला तांब्या

दातमिस्त्रींच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात जुन्या मोटारीचे दात त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. मोटारीला दात असतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिअरच्या पेटीत लोखंडी चाकं असतात आणि त्यांच्या कडेला दात. मिस्त्री पेटीचं झाकण काढायचे, बाही कोपराच्या वर सारायचे, हात आत घालून डोळे मिटून घ्यायचे. बैलबाजारात जाणता माणूस बैलाच्या जबड्यात हात घालतो तसंच ते. "बैलाला इचारू नये, मालकाला तर मुळीच इचारू नये. दाताला इचारावं," असं त्यांचं म्हणणं.

मूळचे ते अनगोळचे सुतार. बैलगाड्यांची चाकं करायचे. मग सडकेवर भाड्यानं माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी आल्या आणि त्यांचा धंदाच बदलला. त्या काळी नवी गाडी घ्यायची ऐपत कुणाची? कुणा डॉक्टरची, कुणा इनामदाराची वापरून सोडलेली मोटार घ्यायची, पुढची शीट ठेवून मागचा भाग कापायचा, त्यावर सांगाड्यासारखा लाकडी साटा चढवायचा, बाकडी ठोकायची, की झाली सर्व्हिस. साटा मिस्त्रींनीच बांधावा, आणि गाडीही त्यांनीच पारखावी. कारण फसायची जागा तीच होती. मैलाचं घड्याळ कुणीही मागं फिरवायचं. मिस्त्री स्वतः ते कधी बघत नसत. गिऱ्हाईकाला वाचायला लावायचे. "काय सांगतंय?" "बारा हजार." "बरं. आता दात काय म्हनत्यात ते ऐकू."

दुसरी परीक्षा तांब्याची. घरून आणलेला पितळी तांब्या विकणाऱ्याच्याच घरच्या पाण्यानं काठोकाठ भरून घ्यायचा, चालू इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा आणि उकिडवं बसून पाण्याकडं बघत राहायचं. पाणी एका अंगाला सांडलं तर आत काहीतरी मोडलंय. मधोमध बारीक थरथरलं तर इंजिन निरोगी. गाडी पसंत पडली तर मिस्त्री ते पाणी पिऊन टाकायचे, नाहीतर चाकावर ओतायचे. त्यामुळं विकणारे लोक त्यांच्या हाताकडं नव्हे, गळ्याकडं बघत बसायचे.

मी तेव्हा पंचविशीचा. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याची लॉरी चालवायचो. शाळा दुसरीपर्यंत, पण स्टिअरिंगवर मला कुणी काही शिकवावं असं राहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. स्वतःची सर्व्हिस काढायची, दुसऱ्याच्या हाताखाली म्हातारं व्हायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. चिकोडीच्या बाजूला एका जैन घराच्या गोठ्याशेजारच्या खोपीत टूरिंग मोटार उभी आहे असं कळलं. त्या घरातला थोरला भाऊ, मोटारीचा मालक, दोन वर्षांपूर्वी वारला होता. धाकट्याला खोप तंबाखूच्या बोदांसाठी, म्हणजे गाठोडी रचायला, हवी होती. मी मिस्त्रींना घेऊन गेलो.

मागची चाकं दगडांवर चढवून अधांतरी ठेवलेली होती. टायर बसू नयेत म्हणून तसं करतात. इंजिन सुरू करायचं हँडल खुंटीला टांगलेलं, त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं. पेट्रोलची टाकी कोरडी, बोट घातलं तर तांबडी भुकटी. घड्याळात चार हजार मैल. धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा गेला त्या दिवसापास्नं गाडी हलल्याली न्हाय."

मिस्त्रींनी हात आत घातला. बाहेर काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा घातला. दोनदा हात घालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मी कानाशी लागलो. "घड्याळ फिरवलंय न्हवं?"

"न्हाय. घड्याळ खरं हाय. पायदानाचं रबर बघ की, कोरं हाय."

"मग दात?"

"दात साडेपाच हजाराचं." ते बोटांची टोकं एकमेकांवर घासत राहिले. "आनि झीज उलटी हाय रं. कडबा खाऊन झिजला तर दात खरबरीत लागतो. ह्ये गुळगुळीत हैत. नुसतं रवंथ करून झिजल्यात."

मग ते गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. घड्याळाची तार पुढच्या चाकाला असते. मागची चाकं हवेत फिरली तर दात झिजतील, पण घड्याळाला त्याचा पत्ता लागणार नाही. ही गाडी दोन वर्षं जागच्या जागी चालत होती.

"कुणी चालवली?"

"ते दात सांगत न्हाईत."

तेवढ्यात तांब्यासाठी पाण्याची घागर घेऊन थोरल्याची बायको दारात आली. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमचं ह्ये दिवस बुडायच्या आत जेवत्यात. मग मला बस्तीपर्यंत फिरवून आनत्यात. मी मागं बसते, डावीकडं. रोजचंच हाय."

बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ, गावाबाहेर मैलभर. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "वैनी, आत जा." पण मिस्त्री उठून उभे राहिले. "आक्का, हँडल कोन मारतंय?"

"मला मोटारीतलं काय कळतंय, आप्पा," ती म्हणाली आणि पाणी ओतू लागली.

आम्ही नेलेलं पेट्रोल टाकीत घातलं. दोन वर्षं थंड पडलेलं इंजिन मी हँडल अर्धं फिरवताच सुरू झालं. तांब्या बॉनेटवर ठेवला. खाली इंजिन चालू, पत्रा माझ्या तळहाताखाली थरथरत होता, आणि तांब्यातलं पाणी मात्र काचेसारखं उभं. मिस्त्रींनी ते प्यायलं नाही, ओतलंही नाही. दोन्ही हातांनी तांब्या उचलून त्यांनी तो खोपीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"घेऊ नगो," ते मला म्हणाले.

"खराब हाय?"

"झकास हाय. पन रिकामी न्हाय."

मी हट्टाला पेटलो. म्हातारा भ्याला, असं त्यांच्या तोंडावर म्हणालो. गाडी घेतली. निघताना आक्का दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मागली शीट कापनार काय?" मी हँडल मारलं.

मिस्त्रींनी त्या गाडीला करवत लावली नाही. खासबागेतल्या दुसऱ्या सुताराकडून मी काम करून घेतलं. मिस्त्रींनी माझ्याकडं फक्त मागची शीट मागितली, बैलगाडीत घातली आणि स्वतः जाऊन त्या खोपीत, त्याच दगडांवर ठेवून आले. हॉटेलात मी ही गोष्ट सांगून चार लोकांना हसवलं. आज ते आठवलं की चहा गोड लागत नाही.

सर्व्हिस चांगली चालली. एकच खोड होती. दिवस बुडायला आला की गाडी जिथं असेल तिथं ओढ सोडायची. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि चाक फिरत नाही. बस्तीपर्यंत जाऊन यायला लागेल तेवढा वेळ गेला की आपसूक चालू लागायची. पॅसेंजर हसायचे, "बसली जेवायला." दोन मेकॅनिकांनी पेटी खोलली, काही सापडलं नाही. मी दुपारची शेवटची फेरी करून गाडी लवकर लावायला लागलो. लोकांना सांगायचो, दिवे मंद आहेत.

वर्षभर मी असा ताठ राहिलो. शेवटी एके दिवशी अनगोळला जाऊन मिस्त्रींसमोर बसलो. त्यांनी खुंटीवरचा तांब्या काढला आणि म्हणाले, "चल."

खोपीत तंबाखूची बोदं नव्हती. हमाल आत यायला तयार होत नाहीत, असं धाकट्यानं सांगितलं. दगडांवर ती शीट, आणि शीटवर डावीकडं आक्का. पदर कानामागं खोचलेला, नजर समोर. खाचखळग्यांतून जाताना धरावी तशी एका हातानं तिनं शीटची कड धरली होती. आम्ही आलेलं तिला कळलंही नाही. मिस्त्रींनी तांब्या काठोकाठ भरला आणि तिच्यापुढं, बॉनेट जिथं आलं असतं तिथं, नुसत्या जमिनीवर ठेवला.

पाणी थरथरत होतं. मधोमध, बारीक, एकसारखं. मी जमिनीला हात लावून बघितला. जमीन गप्प होती.

बाहेर उजेड विझत आला तेव्हा पाणी थांबलं. आक्का खाली उतरली, पदर झटकला आणि आम्हाला बघून म्हणाली, "कवा आलासा? जेवून जावा म्हटलं असतं, पन आता दिवस बुडाला." सूर्यास्तानंतर त्या घरात पान वाढत नसत.

ती घरात गेली. मला तिच्याशी एक शब्द बोलायचा होता, पण कापलेली गाडी परत जोडता येत नाही. मिस्त्रींनी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. त्यांचा गळा हलताना मी बघत होतो.

वाटेत म्हणाले, "इंजिन झकास हाय."

स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. तांब्या त्यांच्या मुलानं मला आणून दिला, बापानं तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. त्यानंतर मी खूप गाड्या घेतल्या, कापल्या, विकल्या. घड्याळ बघत नाही, दात चाचपतो, आणि अजून मला कुणी फसवलेलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तांब्या मात्र मी त्याच्या गळ्यापर्यंतच भरतो, काठोकाठ कधी नाही. आणि सौदा ठरवायच्या आधी मागच्या शीटजवळ वाकून हळूच विचारतो, "कोन हाय काय?" विकणारे हसतात. मी उत्तराला पुरेल एवढा वेळ थांबतो आणि मगच खिशात हात घालतो.